एक जीव सोडून

आधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढे घोळ नको. आमच्या घरात खोकल्याचा आवाज येतो, आणि तो माझा नसतो.

माझा असता तर त्यात सांगण्यासारखं काय होतं? चौदा वर्षांची होईपर्यंत मी इतकी खोकले आहे की आमच्या चर्चमधले पाद्रीबुवा माझ्या दोन खोकल्यांमधली जागा बघून प्रवचन पुढे सरकवायचे. माझ्या आणि माझ्या बहिणीच्या. आम्हा दोघींना सिस्टिक फायब्रोसिस. हा आजार जन्मापासूनच असतो. छातीत डिंकासारखा कफ साचत राहतो आणि आपण तो उपसत राहायचं, गळक्या होडीतलं पाणी उपसावं तसं. होडी बदलून मिळत नाही.

सुनिव्हा माझ्याहून चार वर्षांनी मोठी. सगळे तिला निव्हा म्हणायचे. अठराव्या वर्षी, मार्च महिन्यात ती गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये या आजारावरची ती गोळी बाजारात आली. आईबाबा हे दोन महिने कधी एका वाक्यात घेत नाहीत. मी घेते. कुणीतरी घ्यायला हवेत.

गोळी म्हणजे सकाळी दोन आणि संध्याकाळी एक, आणि सोबत काहीतरी स्निग्ध खायचं, म्हणून माझ्या खिशात कायम चीजचे तुकडे असतात आणि माझ्या मागे कायम लोकांची कुत्री. गोळी सुरू होऊन थोडे दिवस झाले आणि एकदा मी शाळेचा जिना धावत चढले, वर पोचले, आणि कशावर तरी हसले. खरंखुरं, पोट दुखेपर्यंत. हसण्याच्या शेवटी खोकला आला नाही. मी तिथेच उभी राहून त्याची वाट बघत बसले, बस चुकल्यासारखी. आता मी शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवते. वाईट वाजवते, पण मोठ्याने. याआधी आमच्या आडनावावरून 'ती आजारी ब्रेक्के' एवढंच माझं नाव होतं. टिल्डा मी आत्ता कुठे झाले होते.

पण माझा खोकला थांबला आणि घर शांत झालं, आणि त्या शांततेत तिचा ऐकू यायला लागला.

दोनदा. खुक्, खुक्. दुपारी, शाळेतून आल्यावर, निव्हाच्या बंद खोलीतून. कधीच दोनहून जास्त नाही. आणि तो दुखण्याचा खोकला नाही. तो कामाचा खोकला आहे. तो काय ते सांगायचं तर कारखान्याचं सांगायला हवं.

मिनेसोटात, दोन तळ्यांच्या मधे आमचं गाव आहे आणि गावात एकच कारखाना. तिथे चर्चचे ऑर्गन बनतात. घराएवढे मोठे, हजारो नळ्यांचे. कारखान्याला शेटजी कुणी नाही, काम करणारेच मालक. माझे बाबा, हाल्वर ब्रेक्के, नळ्यांना वाचा देतात. नवी नळी मुकी असते. बाबा तिच्या ओठाशी बारीक पात्याने काहीतरी करतात, फुंकून बघतात, पुन्हा करतात, आणि मग ती बोलते. आमच्याकडे नळी वाजते असं म्हणत नाहीत, बोलते म्हणतात.

सूर जुळवायला दोघं लागतात. एक जण आत, नळ्यांच्या गर्दीत. दुसरा बाहेर बाकावर, पट्टी दाबून धरायला. आतला ओरडतो, "पुढची!" बाहेरचा पुढची पट्टी दाबतो आणि ओरडून कळवतो, "धरली!" शनिवारी पट्टी धरायचं काम निव्हाचं होतं. तिला ओरडायला श्वास पुरायचा नाही. म्हणून ती दोनदा खोकायची. ते तिचं 'धरली'. बाबा आतून म्हणायचे, "बरोबर." पुढे कारखान्यातले इतर लोकही मजेने तसंच करायला लागले, आणि निव्हा त्यांना दटावायची, "माझी वाक्यं चोरू नका रे!"

मी रेघेच्या अलीकडे असायचे. ही रेघ बाबांनी खडूने मारली होती. आमच्या आजाराच्या दोन माणसांनी एकमेकांपासून सहा फूट लांब राहायचं असतं. एकीच्या छातीतले जंतू दुसरीला मारू शकतात. लोकांच्या बहिणी भांडताना केस ओढतात, आम्ही लांबून उशा फेकायचो. एका बाकावर आम्ही कधीच बसलो नाही. ती गेली त्या दिवशीसुद्धा मी खोलीच्या दारात उभी होते.

आता पट्टी मी धरते. "धरली!" असं एवढ्या जोरात ओरडते की बाबा म्हणतात, "टिल्डा, नळीलाही बोलू दे की."

तर, सप्टेंबरमधली गोष्ट. शाळेतून आले तर स्वयंपाकघरात एक बाई कॉफी घेत बसलेल्या. विद्यापीठातून आलेल्या डॉक्टर इलोना सेकेल.

"औषध देणारी डॉक्टर नाही हं मी," त्यांनी मला आधीच सांगून टाकलं. "मी फक्त मोजते."

"काय मोजता?"

"छोट्या कारखान्यांना आपल्या माणसांचा विमा कसा परवडतो ते. आणि परवडेनासा झाला की तिथली माणसं काय करतात ते." मग त्या आईकडे वळल्या. "मग, कायाताई, तुमच्या घरात किती जीव?"

विम्याच्या धंद्यात माणसांना माणसं म्हणत नाहीत, जीव म्हणतात. अमक्या कारखान्याचे एवढे जीव, तमक्याचे तेवढे. मला पहिल्यांदा ऐकल्यावर हसू आलं होतं.

"चार," आई म्हणाली.

बाबा खिडकीपाशी उभे होते. "तीन," ते म्हणाले. अगदी हळू, नळीवरची धूळ फुंकावी तसं.

"तीन," आई म्हणाली. "सॉरी हं. तीन. विम्यात तीन."

विम्याबाहेर किती, ते आमचं आम्ही बघू, अशा सुरात म्हणाली ती. सेकेलबाईंची मान खाली गेली. आणि तेवढ्यात वरून आवाज आला. खुक्, खुक्.

सेकेलबाईंनी वर बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. "सर्दी झालीय का गं?"

माझं तोंड चीजने भरलेलं होतं. मी मानेनेच नाही म्हटलं. आईने कॉफीचा कप उचलला होता तो तसाच अधांतरी राहिला. बाबा खिडकीबाहेर बघत होते. मला तेव्हा कळलं की हा आवाज मला एकटीला येत नाही. आम्ही तिघंही तो ऐकत होतो आणि तिघंही एकमेकांपासून लपवत होतो.

आता विम्याचं. हे मला बाबांनी ट्रकमध्ये समजावलं, आणि ते अवघड नाहीये, उगाच घाबरू नका. आमच्या कारखान्याचा विमा कारखान्याचाच. सगळ्यांच्या पगारातून थोडं थोडं एका गल्ल्यात जातं, आणि कुणी आजारी पडलं की त्यातून बिल भरायचं. बिल गल्ल्यापेक्षा मोठं निघालं तर भरायला वरती एक मोठी कंपनी आहे. विम्याचा विमा म्हणा. ही कंपनी दर वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी पुढच्या वर्षाचा भाव सांगते. या वर्षी तिने दोन भाव सांगितले. दुप्पट पैसे द्या, सगळे जीव घेतो. नाहीतर जुनाच भाव, एक जीव सोडून.

"कोण ते सांगत नाहीत?" मी विचारलं.

"कायद्याने नाव घेता येत नाही."

"पण ती मीच ना?"

बाबांनी ट्रक कडेला घेतला. आमच्याकडे लोक फक्त हरीण आडवं आलं की असा ट्रक थांबवतात. "त्या गोळ्यांच्या वर्षभराच्या किमतीत आपल्या गावात दोन घरं येतात, टिल्डा. तूच."

"आणि सोडलं तर?"

"तर ते बिल एकट्या गल्ल्यावर. गल्ल्याला ते झेपणार नाही. गोळ्या बंद."

मी छातीवर हात ठेवून श्वास घेतला. आत गेला, बाहेर आला. नवा श्वास अजूनही मला शेजाऱ्याकडून मागून आणलेल्या वस्तूसारखा वाटायचा.

"कुणाजवळ बोलायचं नाही," बाबा म्हणाले. "लोक वाईट नाहीत आपले. पण एकदा कळलं ना, की तू टिल्डा राहणार नाहीस. तुझ्याकडे बघून लोक बेरजा करतील. जन्मभर. मी ते होऊ देणार नाही."

आणि लोकांनी बेरजा सुरू केल्याच, फक्त भलत्या माणसाच्या. ऑरिन स्काउग हे आमच्या कारखान्यातले चामड्याचं काम करणारे म्हातारे. भात्याला चामडं चिकटवतात. त्यांच्या किडन्या गेलेल्या, म्हणून सोमवार, बुधवार, शुक्रवार ते शहरात जाऊन रक्त यंत्रातून धुवून घेतात. आणखी पुरावा कशाला हवा? सगळ्यांनी ठरवून टाकलं. तो एक जीव म्हणजे ऑरिन.

शनिवारी मी बाबांबरोबर गेले तेव्हा जेवणाच्या सुट्टीत लोर्नाकाकू त्यांच्या टेबलापाशी थांबल्या. लोर्नाकाकू नळ्यांचा धातू ओततात. दंड असे की माझ्या मांडीएवढे, आणि जिभेला तर हाडच नाही. घरी तीन पोरं, आणि नवऱ्याचं काम उन्हाळ्यातच सुटलेलं.

"काय ऑरिन, झालं का धुऊन? आमच्याच पैशाच्या साबणाने ना?"

"तुझ्याच," ऑरिनकाका म्हणाले. "वास छान आहे हो त्याला."

आजूबाजूचे हसले, पण हसून झाल्यावर डबे उचलून दुसऱ्या टेबलावर गेले. ऑरिनकाका एकटे सफरचंद कापत बसले. मी जाऊन समोर बसले.

"लांब बस पोरी," ते म्हणाले. "लोक तुलाही महाग समजतील."

मला हसूही येत होतं आणि रडूही. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही, सफरचंदाची एक फोड माझ्यापुढे सरकवली फक्त.

त्या आठवड्यात निव्हाच्या खोलीतला आवाज रोज यायला लागला. एकदा मी धीर करून दार उघडलं. दुपारचं ऊन, झाकलेला पलंग, भिंतीवर तिने चिकटवलेले ढगांचे फोटो. काही नाही. "काय गं?" मी विचारलं. "काय धरायचंय?" आणि मग माझं मलाच जाणवलं की मी दारातच उभी आहे, आत पाऊल टाकलेलं नाही. सवय जात नाही.

सभा नोव्हेंबरमधल्या पहिल्या रविवारी दुपारी होती, चर्च सुटल्यावर, कारखान्याच्या उंच दालनात. तिथे नवा ऑर्गन पूर्ण उभा करून बघतात, आणि मग सुटा करून पाठवतात. त्या दिवशीही एक उभा होता, छतापर्यंत चकाकणारा, समोर पट्ट्या आणि रिकामा बाक. सगळ्यांच्या घरची माणसंही आलेली. आधी जेवण. मोठ्या पातेल्यांतून बटाट्याच्या कुरकुरीत गोळ्यांची हॉटडिश, आणि गोडाला लिंबाच्या वड्या. आमच्याकडे ताटातली शेवटची वडी कुणी उचलत नाही. अर्धी कापून घेतात, मग दुसरा येऊन उरलेल्या अर्धीची अर्धी. तळाशी शेवटी एवढीशी चकती उरते आणि तीही चाकूने कापायला माणूस तयार असतो. त्या दिवशी मात्र कुणालाच भूक नव्हती. एक अख्खी वडी तशीच पडून राहिली.

सेकेलबाईंनी सगळ्यांना विचारून टेबलावर रेकॉर्डर ठेवला. हिशेब बघणारे लाइलकाका उभे राहिले. त्यांना सगळं माहीत होतं आणि त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत होतं की त्यांना काहीच माहीत नसतं तर बरं झालं असतं.

"दोन पर्याय आहेत. तुम्हाला माहीतच आहेत. एक, दुप्पट भाव. प्रत्येक घराच्या पगारातून जाईल तो. दोन, जुना भाव, एक जीव सोडून."

"तो जीव कोण ते आम्हाला कळायला नको?" लोर्नाकाकू म्हणाल्या.

"कायदा आहे, लोर्ना."

"कायद्याला तीन पोरं नाहीत!"

"अगं, सगळ्यांना माहीतच आहे," मागून कुणीतरी म्हणालं. "म्हाताऱ्या माणसाने जरा समजून घ्यावं."

सगळ्यांचे डोळे ऑरिनकाकांकडे गेले. ते अंगठ्यावरचा वाळलेला सरस नखाने खरवडत होते. लाइलकाका हातातले कागद उगाच सारखे करू लागले.

सेकेलबाई म्हणाल्या, "एक सांगू का? मी असे बरेच कारखाने बघितलेत. लोकांना नेहमी वाटतं की तो जीव कोण ते आपल्याला माहीत आहे. आणि..."

"बाई, तुम्ही मोजा," कुणीतरी म्हणालं. "आम्ही भरतो."

"मतदान घ्या लाइल," दुसरा म्हणाला. "गायींच्या धारा काढायच्यात घरी."

लाइलकाकांनी घसा साफ केला. "एक जीव सोडून. कुणाला मान्य आहे?"

मिनेसोटात पहिला हात कुणी वर करत नाही. सगळे दुसरा व्हायची वाट बघतात. एक कोपर उचललं गेलं. मग एक पंजा खांद्यापर्यंत. मग हळूहळू, कुणाकडे न बघता, हात वर यायला लागले. लोर्नाकाकूंचाही. बाबांचा हात माझ्या गुडघ्यावर होता. आई ऑर्गनकडे बघत होती. मी श्वास मोजत होते. हा आत. हा बाहेर. असे किती उरले?

खुक्, खुक्.

बाकाकडून आला. रिकाम्या बाकाकडून, सगळ्या दालनात घुमेल एवढा मोठा, आणि त्या दालनातल्या प्रत्येकाने तो शनिवार शनिवार ऐकलेला होता. हात जिथल्या तिथे थांबले.

आणि मग सगळ्यांनी एकदम मान वळवली. बाकाकडे नाही. माझ्याकडे.

"सायफर असेल," लाइलकाका म्हणाले. पट्टी न दाबता आपोआप बोलणाऱ्या नळीला आमच्याकडे सायफर म्हणतात.

"भाता बंद आहे, लाइल," बाबा म्हणाले.

लोर्नाकाकूंचा हात अजून अर्धा वर होता. पण चेहरा पार बदलला होता. लहानपणी मी दवाखान्यात असायचे तेव्हा त्या घरच्या मधाच्या बाटल्या घेऊन यायच्या, तेव्हाचा चेहरा. "टिल्डा," त्या म्हणाल्या, "सोन्या, तुला परत सुरू झालं का गं?"

बस. त्या 'सोन्या'ने घात केला. टोमणा मारला असता तर मी गप्प बसले असते, शपथ. मी उठले. बाबांनी बाही ओढली, ती सोडवून घेतली.

"मी नाही खोकले, लोर्नाकाकू. दोन वर्षं होत आली, मी खोकलेच नाहीये." माझा आवाज एवढा मोठा निघाला की ऑर्गनच्या बारीक नळ्या किणकिणल्या. "का नाही खोकले, ते विचारा ना. तो एक जीव मी आहे. ऑरिनकाका नाहीत. मी आहे."

मग ऑरिनकाका हसले. म्हणजे नाकातून हवा सोडली त्यांनी, भात्याला भोक पडल्यासारखी.

"मी तर तुमच्या विम्यातच नाही," ते म्हणाले. "किडन्या गेलेल्या माणसाला सरकार घेतं आपल्या विम्यात. केव्हाच बाहेर पडलोय मी तुमच्या गल्ल्यातून."

"मग बोलला का नाहीस, म्हाताऱ्या?" लोर्नाकाकू ओरडल्याच. "मी तुला साबणावरून एवढं बोलले!"

"छान बोललीस की. घरी जाऊन हसायचो मी." ते पुन्हा सरस खरवडायला लागले. "तुम्ही माझ्याकडे बघत होतात, तोवर दुसरीकडे कुणी बघत नव्हतं. ज्या आठवड्यात या पोरीचा खोकला थांबला ना, त्याच आठवड्यात मी ओळखलं. एवढी शांतता कुणाला फुकट मिळत नाही."

आईने तोंडावर हात घेतला. मी उभीच होते, आता खाली कसं बसायचं ते कळेना. बाबांचं बरोबर होतं. लोक माझ्याकडे बघत होते आणि मला त्यांच्या डोळ्यांत बेरजा दिसत होत्या. कुणाचं छप्पर, कुणाचा ट्रक, कुणाच्या पोराचं कॉलेज. एका मिनिटापूर्वी मी ट्रम्पेट वाईट वाजवणारी मुलगी होते.

"पुन्हा विचारतो," लाइलकाका म्हणाले. त्यांचा चष्मा ओला झाला होता. "एक जीव सोडून?"

एकही हात वर आला नाही. पण आमची माणसं ओळखून आहे मी, पहिला हात कुणीच वर करणार नव्हतं.

"दुप्पट भाव. सगळे जीव. मान्य?"

पहिला हात ऑरिनकाकांचा. "माझा धरू नका," ते म्हणाले, "मला फुकट आहे. नुसती सुरुवात करून दिली."

कुणीतरी हसलं. दुसरा हात लोर्नाकाकूंचा. त्या सेकेलबाईंकडे वळून म्हणाल्या, "लिहून घ्या बाई, रागाने हात वर केलाय म्हणून. या पोरीवर राग नाही. पण राग आहे. हेही मोजा."

"लिहिते," सेकेलबाई म्हणाल्या.

मग बाकीचे हात आले. पुरेसे आले. कुणाचे खाली राहिले ते बघायचं नाही असं मी ठरवलं होतं. बघितले. त्यातल्या एकाची मुलगी माझ्या शेजारी बसून ट्रम्पेट वाजवते. मी त्याच्यावर चिडलेली नाहीये. म्हणजे थोडी आहे. एका वर्षासाठी ठराव झाला. पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा हेच दालन आणि पुन्हा हेच हात.

ऑरिनकाकांनी जाता जाता ती शेवटची वडी अख्खीच्या अख्खी उचलली, न कापता, आणि माझ्या हातावर ठेवली. सगळ्यांनी बघितलं. आमच्या गावात याहून मोठी बेशिस्त मी अजून पाहिलेली नाही.

सगळे खुर्च्या आवरत होते तेव्हा सेकेलबाईंनी मला बाजूला घेतलं. "टिल्डा, इकडे ये जरा." त्यांनी इयरफोनची एक बाजू मला दिली, एक स्वतः घातली. रेकॉर्डरवर लाइलकाकांचा आवाज आला, "एक जीव सोडून. कुणाला मान्य आहे?" मग शांतता. पुष्कळ वेळ. मग सगळ्या खुर्च्या एकदम करकरल्या, सगळी माणसं एकदम वळल्यासारख्या. मग लाइलकाका, "सायफर असेल."

मध्ये काहीच नव्हतं.

"मी स्वतः ऐकला," सेकेलबाई म्हणाल्या. "तुमच्या स्वयंपाकघरातही ऐकला. ती... चौथी का?"

मी मान डोलावली.

"हे मला कुठे लिहिता येणार नाही," त्या म्हणाल्या.

"तुम्ही मोजता ना फक्त," मी म्हणाले, आणि वडी अर्धी करून त्यांना दिली.

पुढच्या शनिवारी तोच ऑर्गन शेवटचा जुळवायचा होता. सोमवारी ट्रक येणार होते. बाबा आत नळ्यांमध्ये शिरले, मी बाकावर बसले. जमिनीवरची खडूची रेघ अजून पुसट दिसते तिथे, का कोण जाणे, कुणी पुसत नाही. आठवडाभर शाळेत लोक माझ्याशी फार चांगले वागले होते, नको इतके चांगले. मला बाबांना सांगायचं होतं की तुम्ही म्हणालात तसंच झालं, पण मला पश्चात्ताप नाहीये, आणि मोठ्याने ओरडायचंही होतं.

"पुढची!" बाबा आतून म्हणाले.

मी पट्टी दाबली. नळी बोलायला लागली, खोल आणि स्वच्छ. मी तोंड उघडलं.

खुक्, खुक्.

बाकावर, माझ्या उजव्या बाजूला. सहा फुटांच्या कितीतरी आत. इतक्या जवळ की माझ्या कानामागचे केस हलले. मी वळून बघितलं नाही. पट्टीही सोडली नाही. फक्त बाकावर थोडी सरकले, जागा करून दिली.

आत बाबांनी पातं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बरोबर," बाबा म्हणाले.

मी अजून एक शब्दही बोलले नव्हते.